गोटी कुणाकडे राहणार

(ताईच्या घरची बाहेरची खोली. आत तीन वर्षांची गोटी झोपली आहे.)

ताई : हळू बोल. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा.

भाऊ : ताप किती आहे?

ताई : उतरतोय. डॉक्टरांना दाखवून आणलं. पाळणाघरातल्या बाई दुपारपासून तुला फोन लावत होत्या. शेवटी कुठून तरी माझा नंबर मिळवला त्यांनी.

भाऊ : मूट कोर्ट होतं, ताई. खोटा खटला चालवायचा, त्याचे मार्क धरतात. फोन बाहेर जमा करून घेतात.

ताई : मी मीटिंग अर्धवट टाकून धावले. ओकून ओकून पोर अर्धी झाली होती. त्या बाईंच्या मांडीवर बसून आपलं एकच, ‘बाबा कुठेय?’

भाऊ : सकाळी बरी होती. खरंच बरी होती गं.

ताई : मी कुठे नाही म्हणतेय?

भाऊ : आण तिला. घरी नेतो.

ताई : आज नाही.

भाऊ : बरं, उद्या सकाळी येतो.

ताई : उद्याही नको. तुझं वकिलीचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत राहू दे तिला माझ्याकडे.

भाऊ : अजून दीड वर्ष आहे!

ताई : माहितीये. इथल्या शाळेत चौकशी केलीये मी. जागा आहे म्हणाले.

भाऊ : कधी केलीस?

ताई : मागच्या आठवड्यात.

भाऊ : म्हणजे ताप यायच्या आधीच. आणि मला न विचारता?

ताई : तुला विचारायला तुझा फोन लागायला हवा ना!

भाऊ : ही पळवाट झाली. आई नसेल तर मुलाचा ताबा बापाकडे असतो. आत्याला कायद्याने—

ताई : मला कलमं सांगू नकोस. हिची आई गेली तेव्हा महिनाभर ही माझ्या कुशीत झोपली. तेव्हा कुठलं कलम लावलं होतंस?

भाऊ : चुकलं माझं. पण शिक्षण सोडू नकोस असं तूच म्हणालीस. जन्मभर वकीलसाहेबांच्या ऑफिसात त्यांचे दावे टाइप करत बसू?

ताई : शिक म्हणाले. पोरीची आबाळ कर असं नाही म्हणाले.

भाऊ : तिला भरवताना पुस्तक माझ्या पुढ्यात असतं. ती झोपली की तिचा पाय पोटावर घेऊन वाचतो. पाय बाजूला केला की उठते. तो पाय नसेल तर मी वाचू तरी कशासाठी?

ताई : बोलायला तुला छान येतं. आज ती ओकत होती तेव्हा तू कुठे होतास?

भाऊ : खोटा खटला लढत होतो.

ताई : जिंकलास?

भाऊ : हो.

ताई : वा!

भाऊ : टोमणे नंतर मार. खरं सांग, ताई, हे सगळं गोटीसाठीच आहे?

ताई : म्हणजे?

भाऊ : तुला मूल हवंय.

ताई : हो, हवंय. घर खायला उठतं मला. पण म्हणून तिचा ताप खोटा नव्हता.

भाऊ : नव्हता.

ताई : मग काय करणार आहेस?

भाऊ : उद्याच पाळणाघरात तुझं नाव देतो. माझं कॉलेज असेल त्या संध्याकाळी तू आण तिला. मला उशीर होऊ दे, काही होऊ दे, झोपायला ती माझ्याकडेच येणार.

ताई : आणि शाळा?

भाऊ : बघू जाऊन. पण दोघं जाऊ.

गोटी : (आतून) आत्या! आत्या गं!

भाऊ : तुला बोलावतेय.

ताई : ऐकू आलं मला.

भाऊ : मग जा ना.

ताई : तू जा. मी बसते इथेच.