क्लबाले तलाव मीच देल्ला

माहेर माहं कोंढ्याकडचं, लगन करून देल्ली इकडं आसगावच्या अंगाले. आम्ही ढिवर लोक, मासोळी आन् शिंगाडा एवढंच आमचं, धान लोकाचं न् तलाव आमचा. काय सांगू तुम्हाले, नवीन नवीन आली तवा मी अशी नखरेल होती का डोंग्यात बसली तरी पदर भिजू नाई म्हनून एका हातानं तोच धरून बसो, आन् सासू म्हने, हे बाई शिंगाडे तोडाले आली का आरतीले बसाले.

तुम्हाले ह्या होड्यायच्या क्लबाचं लिहाचं आहे ना, लिहा मंग. त्या क्लबाची माय मीच आहे, आन् पोरगं असं निपजलं का मायलेच घराबाहेर काढून राहिलं.

पहिल्यांदा आला तवा तो क्लबाचा सर तरनाताठा होता, शहरातल्या कॉलेजात शिकवे, संगं सहा पोट्टे. होडी नाई, वल्हं नाई, काहीच नाई. म्हने मावशी, तुमचा डोंगा द्याल का, पोरायले वल्हवाचं शिकवाचं आहे. शिकवनार कोन, तर हा, ज्याले पोहता येत नाई. पहिल्याच दिवशी डोंग्यात उभा राह्यला न् चिखलात पडला, मी काठावर पोट धरून हासली. मंग मीच शिकवलं. वजन कुठं टाकाचं, वल्हं पान्यात किती बुडवाचं, वारा आडवा आला तं काय कराचं. रोज शिंगाडे उकडून चारले वरून. तो पोरायले सांगे, ह्या मावशी तुमच्या गुरू, पाया पडा. पडले ना सहाही. झालं, मी अशी फुगली का घरी जाऊन नवऱ्याले म्हटलं, आजपासून माह्याशी नीट बोलत जा. बह्याड होती, दुसरं काय.

आता आमची रीत आयका. आखाडात तलावात शिंगाड्याचा वेल लावतो, तवा जो तो आपल्या पान्याच्या चारी कोपऱ्याले बांबू गाडते. दुसऱ्याच्या बांबूले कोनी हात लावत नाई, वाऱ्यानं पडला तरी हक्क राह्यते, मानूस मेला तरी वर्षभर राह्यते. पन आपला बांबू ज्यानं आपल्याच हातानं उपटला त्यानं ते पानी सोडलं, मंग पंचाजवळ रडून काही होत नाई. हे मले नाई माहीत असं थोडी, कोंढ्याले पन हेच.

सर म्हने मावशी, वल्ह्यात वेल अटकते, मधातला एक पट्टा मोकळा करून द्याल का, तुमचं नाव राहीन. तुमचं नाव राहीन. मी गळाभर पान्यात उतरली, आपले बांबू आपल्या हातानं उपटले, फुलावर आलेला वेल ओढून काठावर फेकला, आन् वरून गानं म्हनून राहिली होती. नवऱ्यानं पाह्यलं. ओरडला नाई. म्हने, काहून वं, चोरानं नेलं असतं तं मी भांडलो असतो, तू तं दान करून आली. तीन दिवस जेवला नाई माह्या हातचं.

मंग काय, वाढला क्लब. आधी टिनाचं शेड, मंग लांबलचक फायबरच्या होड्या, मंग पोरी पन आल्या, विद्यापीठाचे कप आले, पेपरात फोटो आले. मंग पाटी आली, इथं जाळं टाकू नये. एक दिवस डोंगा घेऊन निंघाली तं काठावरून शिट्टी वाजली, चौकीदार म्हने, आजी बाहेर या, पोरं सराव करून राहिले. मले म्हने बाहेर या.

आता त्याच सराले शर्यतीसाठी सरळ लांब पट्टा पाह्यजे, आन् आमचा उरलेला तुकडा मधात येते. पोरगा माहा नागपूरले मजुरीले, वर्षातून दोनदा तोंड दाखवते. घर चालते ते माही सून शोभा त्या तुकड्यात शिंगाडे काढते म्हनून. सर आला, केस पांढरे झाले, गाडीतून उतरला. म्हने आजी, तुमचा सत्कार ठेवला. म्या म्हटलं, बांबू उपटाले हात पाह्यजे ना माहा. तो म्हने, तसं नाई आजी. म्या म्हटलं, तसंच आहे, चहा घे.

सत्काराले गेली मी. शाल घेतली, नारळ घेतला, बुंदी दोनदा मागून खाल्ली. माईकवर म्हने, आजी दोन शब्द बोला. म्या म्हटलं, हा सर पहिल्या दिवशी चिखलात पडला होता. पोरी लय हासल्या, सर पन हासला, हासावंच लागलं त्याले. जाताना हळूच म्हने, मंग आजी, उद्या? म्या म्हटलं, माहे हात कापतात.

घरी येऊन शोभाले म्हटलं, माई, माह्या बांबूवर भरवसा ठेवू नको, मी आज आहे उद्या नाई, आन् माह्या हाताले शालीची सवय आहे. ती म्हने, आत्याबाई, मंग करू काय. म्या म्हटलं, उतर पान्यात. ह्या आखाडात मी काठावर बसली न् ती उतरली, माह्या एकेका बांबूच्या बाजूले आपल्या हातानं आपला बांबू गाडला, चारही. आता मी गेली तरी पानी तिचं. आन् तिले गुरू म्हटलेलं चालत नाई, बाई म्हटलं तरी तोंड वाकडं करते.

सर येते अजून, माही तब्येत इचारते. मी त्याले रोज आशीर्वाद देते, बाबा, तुह्या पोट्ट्यायले कप मिळोत, चांदीचे मिळो का सोन्याचे मिळो, पन आमच्या बांबूले वळसा घालून मिळो.