फुटलेल्या जहाजाचे नंबर

तुम्ही हसताय, पण त्या दिवशी मीच चक्रावलो होतो. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर फुटलेल्या जुन्या जहाजाचा सर्व्हे करून मी इंदूरला आलो आणि पपांना फोटो दाखवले. जहाजाच्या प्रत्येक गंजक्या तुकड्यावर आम्ही नंबर लावला होता. पपा कामाला होते ती कापड मिल तेव्हा बंद पडलेली. तरी सवयीने ते रोज गेटपर्यंत जाऊन यायचे.

फोटो बघून त्यांनी विचारलं, "लिलाव कधी आहे?"

"लिलाव कसला, पपा? ही इतिहासाची नोंद आहे. एक तुकडाही जागचा हलणार नाही."

"पक्का?"

"एकदम. आमच्या साहेबांनीच सांगितलंय."

पपांनी फोटो परत दिले. "आमच्या लूमवर नंबर लावले, तेव्हा आमचे साहेब पण हेच बोलले होते. तिसऱ्या दिवशी ट्रक आला, बेटा."