बेरजेतली बारा वर्षं

—नाही हो, उठता कशाला, बसा. बाकडं दोघांना पुरतं. तुमच्या आईंचं काय म्हणाले? खुबा? मग होतील बऱ्या. आमचं ते आत पडलंय ना, दारापाशी, नळ्या लावलेलं — तो माझा सख्खा मोठा भाऊ. झुलाल. साक्रीच्या बाजाराला बसमधून उतरला आणि मोटरसायकलवाल्यानं उडवला. बरगड्या गेल्या, कंबरेचं हाड फुटलं, इथं धुळ्याला आणेपर्यंत अंगात रक्त उरलं नव्हतं, चढवावं लागलं. आता त्याचा पोरगा भूषण आत गेलाय डॉक्टरीणबाईंकडे — ऑपरेशन करायचं की घरी न्यायचं, ते ठरवायला. घरी न्यायचं म्हणजे कळलं ना?

बाई वाईट नाहीत. म्हणाल्या, काका, म्हाताऱ्या माणसाला मार लागला की आम्ही एक हिशेब करतो — वय घ्यायचं, त्यात जखमांचे गुण मिळवायचे, रक्त द्यावं लागलं तर आणखी थोडे — बेरीज फार वर गेली की माणूस वाचणं अवघड. बेरीज म्हणजे देव नव्हे, असंही म्हणाल्या. पण भूषणनं 'देव नव्हे' ऐकलंच नाही, बेरीज तेवढी ऐकली. गणितात नापास झालेलं पोरगं, आज बेरजेपुढं हात जोडून उभं!

हसता? हसा. आता खरी गंमत ऐका. वय धरलं अठ्ठ्याहत्तर. कुठून आणलं? आधार कार्डावरून. आणि कार्डावर कुठून आलं? — एसटीतून! पंच्याहत्तरच्या पुढं तिकीट लागत नाही ना — झालं, एका उन्हाळ्यात आमचा बठ्ठा गाव, अख्खाच्या अख्खा, म्हातारा झाला. मिशा काळ्याभोर आणि वय पंच्याहत्तर! तोताराम तर स्वतःच्या बापापेक्षा मोठा झाला, शपथ — बरं, बापाच्या बरोबरीचा, पण झाला. कंडक्टर विचारायचा, आबा, दात तर शाबूत दिसतात? आमचा झुलाल म्हणायचा, "दात नवा शेतस, माणूस जुना शे!" अमळनेर, जळगाव, पार बोदवड — बोदवडला त्याचं कुत्रंसुद्धा ओळखीचं नाही, चहा पिऊन परत आला. फुकट आहे म्हणून. अन् ती फुकटची बारा वर्षं बघा, थेट बेरजेत जाऊन बसली.

कुणी करून दिलं? दिलं कुणीतरी. प्रत्येक गावात असतो एक शहाणा, आधारच्या शिबिरवाल्याशी ओळख असलेला, रात्रीतून दाखले जुळवणारा — मला काय विचारता! म्हणजे गावाला माहीत आहे, पण गाव बोलत नाही. सगळे बसमध्ये बसलेत ना.

भूषणला कसं कळणार? तो सुरतेला. पोरांना बाप जन्मापासून म्हाताराच वाटतो.

मग मी सांगत का नाही — असं बघू नका माझ्याकडं. सांगणारच होतो. तेवढ्यात सरपंच नवलचा फोन. 'प्रेमराज आप्पा, एकाचं उघडं पडलं की चौकशी लागेल, बठ्ठ्यांना खाली उतरवतील, आणि पहिलं नाव तुमचं निघेल. झुलालनाना तर जायलाच निघालेत.' ऐकलंत? जायलाच निघालेत! जणू सीट रिकामी होतेय. आणि फोन खिशात ठेवतोय तोच बाई विचारतात, काका, वय बरोबर आहे ना? मी म्हणालो, कार्डापेक्षा दोन वर्षं जास्तच असतील, मॅडम. जास्तच! सवय हो. साप निघाला की मी अजगर सांगतो, लोक हसतात, चहा पाजतात — जीभ कुठं थांबायचं ते शिकलीच नाही.

आल्या बघा बाई. मागं भूषण, डोळे पुसतोय. म्हणजे ठरलं. जाऊ द्या, त्याचे भोग — अहो, कुठं निघालात? तुमची आई त्या बाजूला — भाऊ! परक्याच्या घरात कशाला — मॅडम, त्यांचं ऐकू नका, मी गावातला एक नंबरचा गप्पाड्या, कुणालाही विचारा, मी आत्ता ह्यांना गंमत म्हणून — काय? नाही, कार्ड बरोबरच — तू गप्प बस रे भूषण — मॅडम, हात सोडा, मी सांगतो —

सहासष्ट. सहासष्टच आहे तो.