खाडीतल्या चिंबोऱ्या आणि नातीचा प्रबंध

माझी नात तुम्ही पाहिली आहे ना, विद्यापीठात पनवेलच्या खाडीवर प्रबंध लिहिते ती? मी तिला सांगितलं, "लिही, खाडीतल्या चिंबोऱ्या संपल्या." तिनं लिहिलं, "चिंबोऱ्या (खेकडे) संपल्या असाव्यात, असे वृद्ध मच्छीमार सांगतात."

मी भडकलो. "आज्याच्या शब्दावर भरोसा नाय?"

"आजोबा, प्रबंधात तपासल्याशिवाय ठाम लिहीत नाहीत."

"मग तपास!"

आठ दिवस ती ओहोटीला चिखलात उतरली. मग तिनं नवं पान वाचून दाखवलं: "चिंबोऱ्या आजही आढळतात. वृद्ध मच्छीमार गुडघेदुखीमुळे खाडीत उतरत नसल्याने त्यांची माहिती जुनी असू शकते."

मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. इतकं खरं, इतक्या अदबीनं मला आजवर कोणी सुनावलं नव्हतं.