तीन टेपा आणि साडेसात इंच

हॅलो? … हॅलो, बाबा? … हो, मीच. बोला.

… जेवले. … हो, पोटभर. … नाही, खोलीवर नाही, कॉलेजच्या स्टुडिओतच आहे. सगळ्यांची मॉडेलं चिकटवणं चाललंय, म्हणून हा गोंधळ.

… उद्या अकराला. मी येते ना गेटपाशी घ्यायला. … कुठला शर्ट? अहो, कुठलाही घाला. प्रदर्शन मॉडेलांचं आहे, तुमचं नाही. … गळ्यातली टेप? … हो, मागच्या वेळी मीच काढायला लावली होती, गेटपाशी. … बरं, ते राहू द्या आता.

… नाही, बरी आहे मी. बाबा, ऐका ना. एक काम होतं. घरी आहात की दुकानात? … बरं झालं. मागच्या खोलीत जाता का जरा? … हो, जिचं मॉडेल केलंय तीच.

… नाही, नाही, भिंती नकोत. त्या तुम्ही मोजून दिल्यात. हो, कागद आहे माझ्याकडे. आता कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजायचं. तिरकं. … पलंग आहे, माहीत आहे. पलंगाखालून दोरा ताणा आणि मग दोरा मोजा. … तुम्ही नका वाकू, गुडघा धरेल. आईला सांगा. … काय म्हणतेय ती? … हो, सांगा तिला, शिकतेय मी आणि लोळावं तिला लागतंय. कबूल.

… थांबते.

… हां. दारापासून कपाटाच्या कोपऱ्यापर्यंत. तीन टेपा, म्हणजे पंधरा फूट, आणि … साडेचौदा इंच. लिहिलं. आता दुसरा तिरका, खिडकीकडचा.

… किती? … साडेसात? … परत बघता एकदा? … विश्वास नाही असं नाही हो. … तीन टेपा आणि साडेसात. बरं.

… काही नाही. लिहितेय.

… बाबा, तुमच्या कागदावर एक भिंत बारा फूट आहे आणि समोरची बारा फूट नऊ इंच. … हो. बरोबरच आहे ते. खोली सरळ असती तर दोन्ही तिरकी मापं सारखी आली असती. सात इंचांचा फरक आहे.

… तुम्हाला माहीत होतं? … मागची गल्ली तिरकी, म्हणून भिंतही तिरकी. … म्हणजे कपाटामागची ती फट, आपण छत्र्या ठेवतो ती … तीच. एकोणीस वर्षं तिथून छत्री काढतेय मी. … आणि ते जाजम? एका बाजूला लांब आहे ते? … मुद्दाम तसं कापलंत? … मला वाटायचं, तुमची कात्री चुकली. … बोलले नाही कधी. पण वाटायचं.

… बाबा, आता मी सांगते ते पूर्ण ऐका. मध्ये बोलू नका.

मी मॉडेलमध्ये दोन्ही भिंती बारा फुटांच्याच केल्या. … कारण समोरासमोरच्या भिंती सारख्याच असणार, असं मी धरून चालले. येऊन बघायला हवं होतं, दीड तासाचा तर रस्ता. … अहो, तेवढंच नाही. सरांनी तुमचा कागद पाहिला. म्हणाले, नऊ इंच कुठे गेले? मी म्हटलं … मी म्हटलं, माझे बाबा शिंपी आहेत, त्यांनी भिंतीलाही शिलाईसाठी माया सोडली असेल.

… हो. वर्गात. सगळ्यांसमोर. … हसले. … सरही. … मीच आधी हसले, बाबा.

… मग आज का सांगतेय?

आज सर दुसऱ्या एकीला ही तिरक्या मापांची युक्ती समजावत होते. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. … त्यांना अजून नाही सांगितलं. आधी तुम्हाला.

… उद्या काम आहे? दुकानात? … आत्ता तर शर्ट विचारत होता. … हो. … नाही, बरोबर आहे तुमचं. काम असेल तर …

… काय? … नऊ इंच मॉडेलमध्ये किती होतात? विसाव्या हिश्शात केलंय, म्हणजे साडेअकरा मिलिमीटर. … करंगळीच्या रुंदीएवढे. … दिसतं. तुम्हाला तर दारातूनच दिसेल.

… उसवू? चिकटवलेलं आहे बाबा, शिवलेलं नाही. … हो, कापता येईल. ती भिंत नवीन, खालची जमीन नवीन, आणि मागची भिंत तिरकी बसवायची. आत्ता चार वाजलेत. सातपर्यंत होईल. … हो, पट्टी घट्ट धरून. बोटं सांभाळते.

… सरांना मी सांगणारच. हसले सगळ्यांसमोर, तर सांगायचंही सगळ्यांसमोर. … तुम्ही म्हणालात जाऊ दे, तरी. … तुम्ही आलात तर तुमच्यासमोर, नाही आलात तर …

… काय म्हणालात? … परत सांगा ना.

… निळा. निळा घाला, बाबा. बारीक रेघांचा, तुम्ही शिवलेला. … हो, अकराला. गेटपाशी.

… आणि टेप गळ्यात असू द्या.

… हो. ठेवते.