रकान्यात काय लिहू?

दवाखान्याच्या खिडकीपाशी म्हातारे गुरुजी आणि त्यांची लेक पोचली, तशी रांगेत मागे उभ्या असलेल्या शाळकरी मुलीने पुस्तक मिटून चक्क कान टवकारले.

"आजोबांसोबत तुम्ही ना, ताई? तुमचा व्यवसाय काय लिहू?" खिडकीतल्या कारकून बाईंनी फॉर्म भरता भरता विचारलं.

"लग्नं लावते, अंत्यविधी करते. बारा वर्षं झाली."

"अगंबाई! मग लोक काय म्हणतात तुम्हाला?"

"गुरुजींची मुलगी."

"शिकवलं कोणी?"

"मीच शिकवलं हो! मंत्र माझ्यापेक्षा खणखणीत म्हणते."

"मग आजोबा, 'गुरुजी'च लिहिते की!"

"छे छे! गुरुजी मी."

"बाबा, तुमचा आवाज बसून वर्ष झालं."

"बसलाय, गेला नाही."

"मग पक्कं काय लिहू, ताई?"

"मुलगीच लिहा. फक्त पेन्सिलीने लिहा."