धोतरासकट गोधडी

...आणि वरून मथुराबाई भिंतीपलीकडून विचारतात, "काहो मास्तर, घरात चक्की बसवली का?" आता काय सांगायचं त्यांना? चक्की नाही हो बाई, शिवणाचं मशीन आहे, पायाचं! ते मी चालवतोय आणि ते मला चालवतंय, दोन्ही एकदमच चाललंय! पाय खाली मारतोय, कपडा वर पळतोय, दोरा तिसरीकडेच गुंता करून बसलाय... आणि मी सुट्टीच्या दिवशी, भर सकाळी, दाराला आतून कडी घालून गोधडी शिवतोय! सांगू हे? सांगण्यासारखं आहे का?

तुम्हाला सांगतो, मी प्रभाकर मास्तर, इतवारा पेठेतल्या शाळेत तेरा वर्षं भूगोल शिकवतो. फळ्यावर तापी काढायची म्हणजे मुलताईहून निघालो की थेट सुरतेला, खडू उचलत नाही मध्ये. पण लुगड्यावर वीतभर सरळ शिवण? नाव नको! माझ्या शिवणीला जेवढी वळणं होती ना, तेवढी तापीलाही नाहीत.

तुम्ही म्हणाल, मास्तर, हे खूळ आलं कुठून? सांगतो. रजनी, म्हणजे आमचं कुटुंब, बाळंतपणासाठी माहेरी गेलेली, बहादरपुरला. लग्नाला अकरा वर्षं. याच्या आधी दोनदा... जाऊ द्या. दोनदा तिनं झबली शिवली, टोपडी शिवली, आणि दोन्ही वेळा ती घडी न मोडता ट्रंकेत राहिली. म्हणून या वेळी छकड्यात बसताना मला निक्षून सांगून गेली, "हे पाहा, आधी काही शिवायचं नाही. काही आणायचं नाही. पाळण्याचं नाव काढायचं नाही." मी म्हटलं, बरं. मी घाबरलो नव्हतो. छे! मी फक्त दिवसातून पाच वेळा कॅलेंडर पाहत होतो.

तशात नाताळची सुट्टी लागली. शाळा असली की माणूस पोरांवर ओरडून मोकळा होतो, सुट्टीत कोणावर ओरडणार? मेव्हण्याचं कार्ड आलं. काय लिहिलेलं? 'थंडी अतोनात पडली आहे. खालच्या मळ्यातल्या केळी करपल्या. वरच्या मळ्यातल्या बचावल्या. ताई बरी आहे.' संपलं कार्ड! अरे, केळीवर दोन ओळी आणि बहिणीवर तीन शब्द? आणि 'बरी' म्हणजे काय? बरी म्हणजे चांगली बरी, का सांगायचं म्हणून बरी? गाव तीन मैलांवर, पण बोलावल्याशिवाय जावयानं जायचं नसतं; ते कार्ड मी उलटं करून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं... मी घाबरलो नव्हतो, पण केळी करपतात त्या थंडीत एवढंसं लेकरू निजणार कशात, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेचना.

मग मी ट्रंक उघडली. माझ्या आईची दोन लुगडी होती, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. म्हटलं, रजनी म्हणाली नवं काही करू नका. मग जुन्या लुगड्याचं नवं काय? जुनं ते जुनंच! नुसतं एकावर एक ठेवायचं आणि सुटू नये म्हणून चार टाके मारायचे. याला काय शिवणं म्हणतात? पाहा, माणूस स्वतःशी किती लबाडी करतो!

मशीन घरात होतंच. आमच्या गावच्या लालबागला, स्टेशनाजवळ, रेल्वेचा एक गोरा साहेब राहायचा, त्याची बदली झाली तेव्हा त्याच्या मडमेकडून मेव्हण्यानं बहिणीसाठी घेतलं होतं. रजनी त्यावर चोळ्या शिवायची, गुणगुणत, इकडे माझ्याशी बोलत, तिकडे आमटीवर लक्ष ठेवत. मला वाटलं, त्यात काय आहे?

त्यात काय आहे, ते मला पहिल्या दिवशी कळलं. दोन्ही लुगड्यांच्या घड्या घातल्या, चार पदर झाले, कडेपासून सुरुवात केली आणि मारला पाय. सुईखालून वरचा पदर निघाला पुढे, खालचा राहिला मागे, मधले दोन एकमेकांशी भांडायला लागले! शेवटापर्यंत जाऊन पाहतो तर मधोमध हा फुगा. म्हटलं, फुगा दाबू. दाबला, तर चुण्या. चुण्या ओढल्या, तर कट्! सुई मोडली. दुसरी घातली, ती माझ्या बोटात गेली. डाव्या, या इथल्या. रक्ताचा एक थेंब आईच्या लुगड्यावर पडला आणि तुम्हाला सांगतो, मी मशीनवरून पायच काढला. रजनी म्हणाली होती शिवू नका... नको म्हणाली होती ना ती? मग का शिवलं मी? आता तिकडे काही झालं तर?

दोन दिवस मशीनकडे पाहिलं नाही. वर चादर टाकून ठेवली. जेवताना पाठ करून बसायचो. मी घाबरलो नव्हतो... बरं, थोडा घाबरलो होतो.

तिसऱ्या दिवशी ते बोचकं कोटात लपवून गेलो सुपडूकडे. सुपडू म्हणजे बाजारातला शिंपी, माझा जुना विद्यार्थी, भूगोलात दोनदा नापास. म्हटलं, "सुपडू, एका माणसानं हे शिवलंय. कुठं चुकलं, पाहा जरा." त्यानं बोचकं उलगडलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"मास्तर, या माणसाले कोणी मारत व्हतं का, शिवताना?"

"का रे?"

"नाही, पळाल्यासारखी शिवण आहे."

आणि मग त्यानं माझ्या बोटाच्या चिंधीकडे पाहिलं. चांगला माणूस. स्टूल पुढे केलं आणि म्हणाला, "बसा मास्तर. पहिले हे सगळं उसवा."

उसवा! एका दिवसाचं शिवलेलं, उसवायला चार तास. मी उसवतोय आणि तो शिकवतोय, मी त्याला कधी शिकवलं नसेल इतक्या शांतपणे. "आधी जमिनीवर पसरा. हातानं तळवा, तळवा, तळहात फिरवून सपाट करा. मंग लांब लांब कच्चे टाके घाला, म्हणजे पदर सरकत नाहीत. मंग शिवण मधातून सुरू करा, कडेला जा. कडेहून मधात आलं तर फुगाच येणार ना? जेवढं शिवायचं तेवढंच उघडं ठेवा, बाकीची गुंडाळी करा. सुई जाडी घ्या. अन् मास्तर..."

"काय?"

"पाय हळू मारा. बाई बरी आहे तिकडं. फिकीर नका करू."

मी त्याला रजनीचं काही सांगितलंच नव्हतं हो! सगळ्या इतवाऱ्याला माहीत होतं. मी कडी घालून कोणापासून लपवत होतो देव जाणे.

घरी आलो. पसरलं, तळवलं, कच्चे टाके घातले, गुंडाळी केली, मधून सुरुवात केली. आणि तुम्हाला सांगतो, जमलं! म्हणजे सरळ नाही, पण जमलं. एक रेघ, शेजारी दुसरी, शेजारी तिसरी. जोपर्यंत पाय चालायचा तोपर्यंत डोक्यातलं बंद असायचं. पाय थांबला की सुरू... रजनीला धाप लागते का, वैद्य गावात आहे का, सुईण हुशार आहे का. म्हणून मी थांबतच नव्हतो. बोटभर अंतरावर शिवण हवी, तिथं मी तीन तीन घातल्या! इतकी शिवली, इतकी शिवली की गोधडीवर कापडापेक्षा दोराच जास्त दिसायला लागला. मथुराबाईंनी चक्कीचं विचारलं ते याच दिवसांत.

पाचव्या दिवशी तीन कडा झाल्या, चौथी उरली. मशीनवर वाकून बसलोय, पाय चाललाय, अर्धी कड झाली, आणि दारावर थाप.

"मास्तर! ओ मास्तर! चला!"

आवाज निंबाचा. सासरचा गडी, छकडं घेऊन आलेला. अजून तीन आठवडे बाकी होते हो! तीन आठवडे! मी ओरडलो, "काय झालं?"

"मालूबाईनं बलावलं. जल्दी चला."

मालूबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या कारणाशिवाय जावयाला कधी बोलवत नाहीत. कारण असलं तरी दोनदा विचार करतात. मी ताडकन उठलो, तर मशीनही माझ्याबरोबर उठायला लागलं! पाहतो तर धोतराचा सोगा गोधडीखाली गेलेला आणि कडेबरोबर हातभर शिवून निघालेला. ओढलं, दोरा तुटला, गोधडी मशीनवरून सुटली, माझ्यापासून सुटेना. कात्री? कात्री कुठंय? त्या क्षणी घरात एकही वस्तू जागेवर नव्हती, आणि निंबा बाहेरून "चला, चला." मी घाबरलो नव्हतो असं मी आता म्हणणार नाही. गोधडी तशीच खांद्यावर टाकली आणि धावलो. बाजारातून छकडं निघालं, दुकानादुकानातून लोक, "मास्तर, यात्रेला का?" मी कोणाकडे पाहिलं नाही.

"निंबा, रजनी कशी आहे?"

"मले काय मालूम? मी मळ्यात व्हतो."

"पण बोलावलं कशाला?"

"ते नाही सांगितलं."

"रडत होतं का कोणी घरात?"

निंबानं विचार केला. पुष्कळ वेळ विचार केला. मग म्हणाला, "ढवळ्याचा खूर दुखते. म्हणून हळू चालते तो."

तीन मैल! त्या तीन मैलांत मी देवाला काय काय कबूल केलं ते आठवतसुद्धा नाही. गोधडीची कड मुठीत धरून बसलो होतो आणि एकच म्हणत होतो, मी उसवतो. हवी तर सगळी उसवतो. फक्त या वेळी नको.

वाड्याशी छकडं थांबलं. घरात आवाज नाही. एवढ्यात मालूबाई बाहेर आल्या, केस विस्कटलेले, पदर खोचलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, खांद्याकडे पाहिलं.

"गोधडी आणली? द्या. पोरगी झाली, एवढीशी आहे, वेळेआधीची, अंग गार पडतंय तिचं. घरातलं सगळं जाड, टोचरं. द्या इकडं!"

आणि ओढली! आता त्या ओढताहेत म्हटल्यावर मी काय करणार? गोधडी निघाली आत, गोधडीमागे धोतर, धोतरामागे मी! ओसरी गेली, माजघर गेलं, "अहो थांबा, अहो सासूबाई, अहो मी..." आणि बाळंतिणीची खोली! जिथं पुरुषाची सावलीसुद्धा चालत नाही, तिथं मी उभा, एका हातानं धोतर धरून. सुईण किंचाळली, "अगं बया!" मालूबाई वळल्या, आणि तेव्हा कुठं त्यांना जावई दिसला.

"हे काय?"

म्हटलं, "शिवलो गेलोय."

बाजेवर रजनी पडलेली. पांढरीफटक. डोळे उघडले तिनं, माझ्याकडे पाहिलं, गोधडीकडे पाहिलं, माझ्या आईच्या लुगड्याचे ते काठ ओळखले तिनं. आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मी आधी शिवू नका म्हटलं होतं ना?"

मी म्हटलं, "पुरी नाही झाली गं. अर्धी कड बाकी आहे. खरंच. पाहा हवं तर."

तुम्हाला सांगतो, ती हसली. त्या दिवशी, त्या अशक्तपणात, पोट धरून हसली, "आई गं, दुखतंय, हसवू नका," म्हणत हसली. दिवस राहिल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. सुईणीनं नाळ कापायच्या कात्रीनं माझं धोतर कापलं, पोरगी गोधडीत गुंडाळली, माझ्या धोतराच्या हातभर तुकड्यासकट. आणि थोड्या वेळानं त्या गुंडाळीतून असा सूर लागला, असा सूर लागला, की मी ओसरीवर येऊन बसलो आणि खांबाला टेकून रडलो. निंबा म्हणाला, "मास्तर, खूर पाहता का ढवळ्याचा?" पाहिला. त्या दिवशी मी काहीही पाहिलं असतं.

पोरगी आता दीड वर्षाची आहे, कोकिळा नाव ठेवलं. त्या गोधडीशिवाय झोपत नाही. ते ठीक आहे हो. पण बहादरपुरात झालंय काय, की सगळ्या बायांनी ती गोधडी पाहिली, हात फिरवून पाहिली, म्हणाल्या, कसली पक्की शिवण आहे! दहा वर्षं फाटायची नाही! त्यांना काय माहीत, ती पक्की नाही, ती भीती आहे, बोटभर जागेत तीन तीन ओळी!

आता आम्ही बहादरपुरला गेलो की मोठ्या जावयासाठी, म्हणजे माझ्या साडूसाठी, पाट मांडतात, रांगोळी काढतात, पुरणाचं ताट वाढतात. माझ्यासाठी ओसरीवर मशीन मांडतात, आणि शेजारी गल्लीतली जुनी लुगडी, ढीगभर. मालूबाई म्हणतात, "जावईबापू, आधी जेवता, का आधी दोन कडा मारून घेता?"

...दोन कडा मारून घेतो. जेवण गार झालेलं चालतं, बायकांना ताटकळत ठेवलेलं चालत नाही.